दुसऱ्या गाडीचा जुना क्लच आपल्या गाडीत बसवायचा असेल तर

तुमचा प्रश्न असा: गाडीचा क्लच चढावर स्लिप होतो, इंजिन ओरडतं पण गाडी उठत नाही. त्याच मॉडेलची, मागून ठोकलेली एक गाडी सुट्या भागांसाठी मिळाली आहे. तिचा क्लच जेमतेम ३० हजार किलोमीटर चालला, असं तिचा मालक सांगतो. गिअरबॉक्स तुम्ही स्वतःच उतरवणार आहात. मग तिची क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची तबकडी), प्रेशर प्लेट (तिला दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं) तुमच्या गाडीत चालतील का?

प्लेट आणि प्रेशर प्लेट चालतील, पण मोजून घेतल्या तरच. बेअरिंग चालणार नाही. ते कितीही चांगलं वाटलं तरी नाही.

कारण साधं आहे. क्लचच्या कामात खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा असतो. अख्खा दिवस त्यात जातो, कंबर त्यात जाते. त्यामुळे मी प्रत्येक जुन्या भागाला एकच प्रश्न विचारतो: हा बिघडला तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल का? लागत असेल आणि तो भाग मोजून तपासता येत नसेल, तर तो नवाच घ्यायचा. प्लेट मोजता येते, प्रेशर प्लेट मोजता येते, फ्लायव्हील (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनच्या टोकाची जड चकती) मोजता येतं. बेअरिंगमध्ये आतलं ग्रीस किती उरलंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

गाडी खोलायच्या आधी एक गोष्ट करा. तुमची गाडी केबलच्या क्लचची असेल तर पेडलचा फ्री प्ले बघा. पेडल हाताने दाबलं की जड लागायच्या आधी ते थोडं मोकळं हललं पाहिजे. बहुतेक गाड्यांत हा प्ले १० ते २५ मिमीच्या दरम्यान असतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. प्ले शून्य असेल तर बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या बोटांवर (मधल्या स्प्रिंगच्या टोकांवर) दाबून बसलंय आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतोय. नुसतं केबल ॲडजस्ट करून स्लिप गेल्याच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पण तसंच बरेच दिवस चालवलं असेल तर तोवर प्लेट जळालेली असते, हेही खरं.

ठोकलेल्या गाडीचं इंजिन चालू होत असेल तर क्लच तिच्यातच तपासून घ्या, ही संधी पुन्हा नाही. हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा एक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडा. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर तो क्लच तुमच्यापेक्षा वेगळा नाही, नाद सोडा. ही चाचणी एकदाच करायची, चार-चारदा करून चांगली प्लेट जाळू नका. मग क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खर्रर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. त्याचं कारण केबलमध्येही असू शकतं, पण लक्षात ठेवा.

मालकाच्या ३० हजारांवर फार जाऊ नका. क्लचचं वय किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. हायवेवर दीड लाख किलोमीटर चाललेली प्लेट मी निम्म्याहून अधिक शिल्लक पाहिली आहे. आणि सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असलेल्या माणसाने वर्षभरात रिव्हेटपर्यंत आणलेलीही पाहिली आहे.

आता प्लेट हातात घ्या. पहिलं काम व्हर्नियरचं. व्हर्नियरच्या मागून बाहेर येणारी बारीक पट्टी असते, तिने लायनिंगच्या (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराच्या) पृष्ठभागापासून तो थर धरून ठेवणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली मोजा. दोन्ही बाजूंना, सगळ्या रिव्हेटवर. सरासरी काढत बसू नका, सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. पहिला रिव्हेट जिथे टेकेल तिथेच फ्लायव्हीलवर चर पडायला सुरुवात होते. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये शेवटची मर्यादा ०.३ ते ०.५ मिमी दिलेली असते. पण ती मर्यादा म्हणजे प्लेट फेकून द्यायची वेळ, बसवायची नव्हे. १ मिमीपेक्षा कमी खोली उरलेली जुनी प्लेट मी बसवत नाही.

मग प्लेट उजेडात तिरकी धरा. लायनिंग मळकट तपकिरी आणि एकसारखं दिसलं तर उत्तम. आरशासारखी चकाकी असेल तर प्लेट तापलेली आहे. चकाकी वरवरची असेल तर पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढता येते. पण काळी पडून केसासारख्या भेगा गेल्या असतील, किंवा नाकाजवळ नेल्यावर जळका वास येत असेल, तर ती गेली. आणि मध्यभागाकडून बाहेर पसरलेला ओलसर काळा डाग असेल तर ते ऑइल आहे. अशी प्लेट फुकट मिळाली तरी नको.

हे मी अनुभवाने सांगतो. शिकाऊ असताना अशीच ऑइल लागलेली एक प्लेट मी पेट्रोलने धुतली, वाळवली, कोरी करकरीत दिसायला लागली. बसवली. तिसऱ्या दिवशी गाडी परत. पहिल्या गिअरमध्ये निघताना सगळी गाडी तापातल्या माणसासारखी थरथरत होती. उतरवून बघतो तर लायनिंगवर पुन्हा तेलाचे डाग. लायनिंग सच्छिद्र असतं, तेल आत मुरतं आणि प्लेट तापली की बाहेर पाझरतं. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवताना उस्तादांनी हातही लावला नाही, शेजारी स्टुलावर बसून नुसते बघत होते.

लायनिंगनंतर मधला भाग. हबभोवतीच्या (मधल्या दातेरी भोकाभोवतीच्या) स्प्रिंगा आपल्या खिडकीत घट्ट बसलेल्या हव्यात. प्लेट हलवल्यावर एखादी स्प्रिंग किंचित खुळखुळते, काही डिझाइनमध्ये ते नॉर्मल आहे. पण खिडकीची कड झिजून चकाकत असेल, किंवा स्प्रिंग बोटाने सहज बाहेरच्या बाजूला सरकत असेल, तर नको. दोन लायनिंगच्या मधोमध पत्र्याच्या नागमोडी पाकळ्या दिसतील. क्लच सोडताना गाडी झटका न देता उचलते ती याच पाकळ्यांमुळे. कडेने बघताना दोन लायनिंगमध्ये फट दिसली पाहिजे आणि ती सगळीकडे सारखी हवी. पाकळ्या चपट्या झाल्या असतील तर गाडी निघताना धक्का देणार.

प्लेट वाकलेली आहे का हे बघायला डायल गेज असेल तर छान. प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवून बाहेरच्या कडेशी मोजायचं, साधारण ०.८ मिमीपर्यंत चालतं. गेज नसेल तर शाफ्टवर फिरवताना शेजारी एक तार स्थिर बांधा आणि कड तारेपासून किती जवळ-लांब होते ते बघा. वाकलेली प्लेट डोळ्यालाही दिसते.

शाफ्टवर चढवताना आणखी एक खात्री करून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांना वेगवेगळे क्लच असू शकतात. प्लेटचा व्यास आणि हबचे दाते तुमच्या जुन्या प्लेटशी जुळवा, दाते मोजूनच घ्या. तुमच्या इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्सच्या याच शाफ्टवर) प्लेट स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे, आणि फिरवून बघताना दात्यांत खडखड जाणवता कामा नये. ठोकलेली गाडी वर्षभर पावसात उभी असेल तर हब गंजलेलं असतं. कधी कधी प्लेटच गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली असते आणि सोडवताना लायनिंगचे कपचे तिकडेच राहतात. असं झालं तर पुढचं तपासायची गरज नाही.

प्रेशर प्लेट. तिच्या घासणाऱ्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवा आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) सरकवून बघा. तापून तापून तोंड आतल्या बाजूला बशीसारखं खोल होतं. ०.२ मिमीचं पान सहज आत जात असेल तर मी ती घेत नाही. निळे-जांभळे डाग म्हणजे उष्णता. एखाद-दुसरा फिकट डाग चालेल, चितळासारखं तोंड असेल तर नको. मग मधली बोटं, म्हणजे डायफ्राम स्प्रिंगची टोकं. सगळी एका उंचीत हवीत. एखादं बोट अर्धा मिमीने जरी मागे-पुढे असलं तरी क्लच तिरका सुटतो आणि गिअर टाकताना खरखर येते. टोकांवर बेअरिंगने घासून गोल चर पाडलेला असतो. हलका चालतो, नख अडकेल इतका खोल असेल तर नको.

एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. कव्हर (प्रेशर प्लेट ज्यात बसलेली असते तो बाहेरचा पत्रा) आणि प्रेशर प्लेट यांना जोडणाऱ्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, सहसा तीन ठिकाणी. क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटला मागे खेचणारी हीच पट्टी. कव्हर हातातून पडलं, किंवा काढताना एका बाजूचे सगळे बोल्ट आधी सोडले, की या पट्ट्या वाकतात. वाकलेल्या पट्टीचा क्लच नवा असूनही पूर्ण सुटत नाही. म्हणून त्या गाडीतून कव्हर स्वतः काढा, दुसऱ्याने काढून पोत्यात भरून दिलेलं घेऊ नका. काढताना प्रत्येक बोल्ट अर्धा-अर्धा फेरा, समोरासमोर.

जोडीबद्दल थोडं. साध्या डायफ्राम क्लचमध्ये जुनी प्लेट आणि नवं कव्हर, किंवा उलटं, बसवता येतं. पण प्लेट आणि प्रेशर प्लेट एकमेकांवर घासून जुळलेल्या असतात. एकीवर बारीक वर्तुळाकार रेघा असतात, दुसरीवर त्यांचाच ठसा. वेगवेगळ्या केल्या की पुन्हा जुळेपर्यंत पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही, तेवढ्या भागावर उष्णता गोळा होते. म्हणून दोन्ही एकाच गाडीच्या घ्या. अशी जोडी बसवल्यावर पेडल थोडं जड लागलं तर घाबरू नका. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, डायफ्रामचा कोन बदलतो आणि स्प्रिंगचा जोर आधी वाढतो, मग शेवटाकडे घटतो. म्हणजे अर्धी झिजलेली जोडी नव्यापेक्षा जड असणं हा दोष नाही.

हे सगळं साध्या क्लचचं झालं. कव्हरच्या आत कडेला फिरणारी रिंग आणि तिला ढकलणाऱ्या बारीक स्प्रिंगा दिसल्या तर तो सेल्फ-ॲडजस्टिंग क्लच आहे. झीज भरून काढण्यासाठी ती रिंग आपोआप सरकते. साध्या पान्ह्याने बोल्ट सोडले की दाब सुटताना रिंग सरकून बसू शकते, आणि मग तो क्लच दुसरीकडे बसवल्यावर नीट सुटत नाही. त्याला काढण्या-बसवण्याचं खास दाब-यंत्र लागतं. ते नसेल तर अशा गाडीत जुनं कव्हर बसवायच्या फंदात पडू नका.

फ्लायव्हील शक्यतो तुमचंच ठेवा. काही इंजिनांत ते क्रँकशाफ्टसोबत (इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टसोबत) बॅलन्स केलेलं असतं. त्याच्या तोंडावर नखाला लागणारे चर किंवा भेगा असतील तर लेथवर किंवा ग्राइंडरवर साफ करून घ्यायचं, मॅन्युअलमधली कमीत कमी जाडी सांभाळून. निळे कठीण डाग असतील तर फक्त घासून भागत नाही. तिथलं बीड (ओतीव लोखंड) तापून इतकं कडक झालेलं असतं की आजूबाजूचं आधी झिजतं आणि डाग पुन्हा टेकाडासारखा वर येतो. तोंड चांगलं असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं-उभं घासून जुन्या रेघा मोडा, म्हणजे दुसऱ्या गाडीची प्लेट लवकर जुळेल. फ्लायव्हील दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं ड्युअल मास असेल तर त्याच्यावर लेथ चालवायचा नाही. दोन भागांमधला प्ले मॅन्युअलच्या मर्यादेत आहे का ते बघायचं, नसेल तर बदलायचं.

नवे घ्यायचे भाग: रिलीज बेअरिंग, इंजिनच्या मागच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, आणि क्रँकच्या टोकात पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) असेल तर तेही. क्लच हायड्रॉलिक असून सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच शाफ्टभोवती असेल तर तो पूर्ण नवा. तो गळला की ब्रेक फ्लुइड थेट तुमच्या मेहनतीने निवडलेल्या प्लेटवर. आणि नवं बेअरिंग पेट्रोल-डिझेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. फोर्क, म्हणजे बेअरिंग ढकलणारा दांडा, जुना चालतो. फक्त तो जिथे बॉलवर टेकतो तिथे खड्डा किंवा चीर नाही ना, ते बघा.

आता बसवणं. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) भक्कम उभी करा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपायचं नाही. बेल हाउसिंगमधली (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडातली) काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि तुमच्या प्लेटमध्ये काय आहे ते बघून ओळखता येत नाही. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटची तोंडं ब्रेक क्लीनरने पुसा, त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही.

प्लेटची बाजू चुकवणं ही नवख्यांची ठरलेली चूक. बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलची किंवा गिअरबॉक्सची बाजू छापलेली असते. जुन्या प्लेटवर ते पुसलेलं असेल तर प्लेट फ्लायव्हीलला हाताने टेकवून फिरवा. हबच्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टना लागल्या तर उलटी आहे. त्या गाडीतून काढतानाच खडूने खूण केलीत तर हा प्रश्नच येत नाही.

हबच्या दात्यांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावायचं. प्लेट शाफ्टवर दोन-तीनदा सरकवून बाहेर आलेलं पुसून टाकायचं. जास्त ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं. हब चंदेरी निकेल चढवलेलं असेल तर ग्रीसच लावू नका, तिथे ते लागत नाही.

प्लेट सेंटर करायला अलाइनमेंट टूल वापरा. जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर त्याच्याहून चांगलं टूल नाही, आणि तुमच्याकडे तर ती अख्खी ठोकलेली गाडी आहे. कव्हर डॉवेल पिनांवर (जागा ठरवणाऱ्या खुंट्यांवर) बसवून बोल्ट हाताने लावा, मग समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा. पूर्ण बसेपर्यंत टूल मोकळेपणी आत-बाहेर होतंय ना ते मधेमधे बघत राहा. शेवटचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. ८ मिमीच्या बोल्टना तो बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभरही प्लेटवर लटकू देऊ नका. शाफ्ट प्लेटमध्ये अर्धा गेलाय, हात दमलेत, जॅक जरा खाली राहिलाय, आणि आपण म्हणतो 'एक बोल्ट लावून घेतो'. त्या एका मिनिटात प्लेटचं हब वाकतं. नंतर क्लच सुटत नाही आणि माणूस केबलला दोष देत बसतो. गिअरबॉक्स शेवटच्या इंचापर्यंत हाताने जाऊन बसला पाहिजे. फट उरली तर बोल्ट आवळून ओढू नका. मागे घ्या, क्रँक किंचित फिरवा, शाफ्टचे दाते जुळतात का बघा. नाहीच गेला तर प्लेट सेंटरला नाही, कव्हर ढिलं करून पुन्हा सेंटर करा.

क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर गिअरबॉक्स खाली असताना पेडल दाबायचं नाही, पिस्टन बाहेर येतो. सगळं जोडल्यावर केबलचा प्ले लावा किंवा हायड्रॉलिकची हवा काढा. मग गाडी घोड्यांवर असतानाच इंजिन चालू करून क्लच दाबा आणि रिव्हर्स टाकून बघा. शांतपणे गेला तर चाकं खाली टेकवा.

पहिले काहीशे किलोमीटर चढावर हाफ क्लच, भरलेली गाडी ओढणं, सिग्नलला जोरात निघणं टाळा. सुरुवातीला किंचित वास आणि निघताना हलकी थरथर येऊ शकते, दोन पृष्ठभाग अजून जुळतायत. थरथर हजारेक किलोमीटरनंतरही तशीच असेल तर प्लेटवर ऑइल आहे किंवा फ्लायव्हीलचं तोंड सरळ नाही. इंजिनची माउंटिंगं तेवढी आधी बघा, फाटलेलं माउंटिंगही हुबेहूब तशीच थरथर देतं आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

केबलचा प्ले ५०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. प्लेट जुळताना थोडी झिजते, डायफ्रामची बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि प्ले कमी होतो. लावताना २० मिमी होता आणि आता ५ राहिला असेल, तर पुन्हा २० वर आणून ठेवा.